गिऱ्हाईकाचं मशीन

आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर दोन तऱ्हांनी बनतात. खालच्या मजल्यावर पट्टा अखंड सरकत असतो. एकसारखी मशीनं तयार होऊन गोदामात जातात, गिऱ्हाईक मागाहून मिळतं. वरच्या मजल्यावर आमची टेबलं. इथे आधी गिऱ्हाईक, मग मशीन. ज्याला जसं हवं तसं, एकेक हातानं जोडायचं. मी पहिल्यापासून वरच आहे.

एक मशीन जोडून होत आलं होतं, तेवढ्यात टेबलावरच्या स्क्रीनवर निरोप आला. गिऱ्हाईकाला माईक नको. मी काढला.

संध्याकाळी घरी आले तर बाबा खिडकीशी बसलेले. एरवी मी उंबरा ओलांडायच्या आत कुणाची तरी टिंगल सुरू करणारा माणूस. मी हाका मारून थकले, शेवटी खांद्याला हात लावला तेव्हा ते दचकले.

"वय झालं की कान जातात," डॉक्टर म्हणाले.

काही दिवसांनी त्याच मशीनचा निरोप आला, कॅमेरा काढा. काढताना मला काहीच वाटलं नाही. घरी बाबा भिंत चाचपत स्वयंपाकघराकडे निघाले होते. दिवा चालू होता.

मग आलं, मेमरी कमी करा.

मी उठून सुपरवायझरकडे गेले.

"हे गिऱ्हाईक आहे तरी कोण?"

"ते आपल्याला कुठे कळतं? त्याचं मशीन, त्याची मर्जी."

"मी नाही काढणार."

"बरं नाही का तुला? राहू दे मग."

त्यांनी मशीन शेजारच्या टेबलावरच्या बाईंना दिलं. बाईंनी गप्पा मारता मारता मेमरीची एक पट्टी उपसून ट्रेमध्ये टाकली. मी बघत राहिले. कुणाला काय सांगणार होते?

त्या संध्याकाळी बाबांनी माझा चेहरा बोटांनी चाचपला आणि अदबीनं विचारलं, "आपण कोण?"

मी त्यांच्या तळहातावर बोटानं माझं नाव लिहिलं. पुन्हा लिहिलं.

"असेल, असेल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, ऑर्डर रद्द. काढलेले भाग परत घाला, मशीन खालच्या स्टँडर्ड मशीनांमध्ये जमा करा.

बाईंच्या हातातून मी ते जवळजवळ हिसकावूनच घेतलं. मेमरी, कॅमेरा, माईक, सगळं बसवलं. स्वतः जिना उतरून मशीन पट्ट्यावर ठेवलं. बाकीच्यांबरोबर ते पुढे सरकलं, आणि त्यातलं ते कुठलं, मला ओळखू येईना.

घरी धावतच गेले. दार बाबांनी उघडलं. माझ्या डोळ्यांत बघून हसले.

"दमलीस का गं? हातपाय धू, जेवून घे."

मला दारातच रडू फुटलं. त्यांनी जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवला.

माझ्यामागे शेजारच्या घरातली मुलगी कामावरून परतली होती. तिच्या वडिलांनी दार उघडलं.

"दमलीस का गं?" बाबांच्याच आवाजात ते म्हणाले. "हातपाय धू, जेवून घे."

आमच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरही एक दार उघडलं.