बावीस धडे

"दाखवतोय एक आणि बोलतोय भलतंच! याला मास्तर केलं तरी कुणी?"

तिने हेडफोन काढून टेबलावर आदळले. वाचनालयाच्या कॉम्प्युटर खोलीतल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिला सगळे 'तडतडी' म्हणायचे, आणि ते काही उगाच नव्हतं. पडद्यावरचा मास्तर आकड्यांचे रकाने दाखवत होता, आणि तिच्या कानात मात्र कुणीतरी रंगीत बटणं कशी बनवायची ते सांगत होतं.

"ऐका ना…" शेजारच्या खुर्चीतून हळू आवाज आला. "तुमच्या हेडफोनची पिन माझ्या कॉम्प्युटरला लागलीय. अर्धा तास झाला, मी माझी पिन हातात धरून बसलोय."

तिने वाकून पाहिलं. खरंच होतं.

"मग अर्धा तास गप्प का बसलात?"

"तुम्ही वहीत भराभरा लिहून घेत होतात… म्हटलं, कुणाचं तरी शिकणं चाललंय, आपण कशाला मध्ये पडा?"

आता अशा माणसावर चिडावं की हसावं? तिने सवयीने चिडायचं ठरवलं. पण तो इतका मनापासून ओशाळला होता की काय बोलायचं होतं तेच तिला आठवेना.

तिच्या चिडण्याला कारण होतं. प्रयोगशाळेच्या नव्या मोठ्या मॅडमनी फर्मान काढलं होतं. जो कुणी महिनाअखेरीपर्यंत नमुन्यांच्या आकड्यांमधून खराब पाणी निवडून दाखवणारा प्रोग्रॅम लिहील, तो इथे राहील. बाकीच्यांची बदली, सात तासांवरच्या शाखेत. घरी आई एकटी. आणि इंटरनेटवरचे मास्तर तर एकापेक्षा एक! एक जण वीस मिनिटं नुसती स्वतःची ओळख करून देई. दुसरा "हे तर तुम्हाला येतंच" म्हणून नेमकं तेच गाळी. तिसरा दाखवायचा ते बटण तिच्या पडद्यावर औषधालाही नव्हतं.

"माझ्याकडे यादी आहे," शेजारी म्हणाला. तो चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा आणि फावल्या वेळात प्रोग्रॅमिंग शिकायचा. म्हणजे, असं तो सांगायचा. "चौसष्ट कोर्स आहेत. प्रत्येकापुढे मी तारे दिलेत."

तिने पाच ताऱ्यांचा कोर्स निवडला. मग रोज संध्याकाळी शेजारी-शेजारी बसणं सुरू झालं. त्याच्या हातांना काच पुसायच्या औषधाचा मंद वास यायचा, आणि तो यायला उशीर झाला की ती उगाचच दाराकडे बघायची.

"इतकं पुढे वाकू नका, डोळे बिघडतील."

"मी काय तुमचं गिऱ्हाईक आहे?"

"छे! गिऱ्हाईकं इतकं भांडत नाहीत."

नवव्या दिवशी चौथा धडा संपला. पुढचा सापडेना. खाली एकच ओळ होती – 'पाचवा धडा लवकरच'. ती ओळ तीन वर्षांपूर्वीची होती.

"हा कोर्स तुम्ही पूर्ण केलात ना?" तिने शांतपणे विचारलं. तिचं शांत होणं फार वाईट असायचं.

"पहिला धडा पाहिला… फार छान वाटला, म्हणून…"

"आणि बाकीचे त्रेसष्ट?"

तो चष्मा काढून पुसू लागला. "चांगला कोर्स शोधण्यातच दोन वर्षं गेली."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझे नऊ दिवस गेले! मी गेले तर आई एकटी पडेल, कळतंय का तुम्हाला? तुमच्या त्या ताऱ्यांच्या नादाला लागले मी!" तिने पिशवी उचलली आणि तरातरा निघून गेली.

पुढचे तीन दिवस तो फिरकलाच नाही. तिने एकटीनेच आणखी चार मास्तर पाहिले, चौघांनाही शिव्या घातल्या आणि बरं काही वाटलं नाही. चौथ्या दिवशी तो आला. डोळे लाल, हातात तीन कागद.

"याला मी एक तारा दिला होता. मास्तर कंटाळवाणे आहेत, सारखे खोकतात. पण शेवटपर्यंत शिकवतात. मी बावीसच्या बावीस धडे बघितले. तुमच्याआधी."

कागदावर बारीक अक्षरात लिहिलं होतं – 'धडा तीन, पहिली सात मिनिटं सोडा. धडा नऊ, इथे मी रडकुंडीला आलो, तुम्ही चिडाल. आधी पाणी प्या.'

ती वाचत राहिली. मनातला राग धरून ठेवायचा म्हटलं तरी राहीना. हा माणूस तिला आवडला होता, चांगलाच आवडला होता, आणि या गोष्टीचाच तिला सगळ्यात जास्त वैताग आला.

महिनाअखेरीला मोठ्या मॅडमसमोर तिचा प्रोग्रॅम पहिल्याच फटक्यात अडकला. मॅडमनी घड्याळ पाहिलं. तिने आकड्यांवरून एकदा नजर फिरवली. एका नमुन्याचा आकडा कुणी भरलाच नव्हता. रिकामी जागा आली तर काय करायचं, हे कुठल्याच मास्तरने सांगितलं नव्हतं. तिने स्वतःच्या डोक्याने दोन ओळी लिहिल्या, आणि खराब पाण्याचे तीनही नमुने पडद्यावर आले.

"बदलीतून यांचं नाव काढा," मॅडम म्हणाल्या.

तो बाहेर जिन्यात उभा होता. "राहिले मी!" ती ओरडली. त्याचा चेहरा उजळला… आणि लगेच पडला.

"काय झालं?"

"काल मी मालकांना सांगून माझी बदली करून घेतली. तुमची ती शाखा आहे ना, त्या गावातल्या त्यांच्या दुकानात."

"म्हणजे माझा प्रोग्रॅम चालणार नाही, अशी खात्रीच होती तुम्हाला!"

"नाही हो! चालेल असंच वाटत होतं. पण नसता चालला तर… तुम्ही तिकडे आणि मी इकडे, हे मला जमलं नसतं."

ती मटकन पायरीवर बसली. "अहो, एकदा विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तुम्ही चिडला असतात."

"आत्ता मी काय हसतेय? जा, आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा मालकांना, बदली नको."

"कारण विचारतील."

"सांगा… लग्न ठरलंय."

तो गोंधळून तिच्याकडे बघत राहिला. "कुणाचं?"

तिने डोळे मिटले, एक मोठा श्वास घेतला आणि उठून त्याचा हात घट्ट धरला.

"चला. मीच सांगते त्यांना."