एकदम पूर्ण प्रकाश

‘सिंधुरेखा’ जहाजाच्या प्रयोगशाळेत शाल्मली केळुसकरकडे आता एकच चिप उरली होती. एकशे ऐंशी मीटर खाली ‘मासोळी’ ही पाणबुडी तळाच्या खडकांत अडकून पडली होती. आत तिघं जण आणि जेमतेम तासाभराचा प्राणवायू. वजनं सोडून वर यायचं, तर त्या वजनांचं कुलूप जहाजाकडून संकेत गेल्यावरच उघडायचं. ही सुरक्षेची हौस कुणाची होती, देव जाणे. संकेत नेणारी तार तर सकाळीच तुटली होती.

आता संकेत प्रकाशानंच पाठवायचा होता. एवढ्या खोल पाण्यात हिरवा प्रकाश पोचतो, पण जहाजावरचा लेसर होता अवरक्त, डोळ्यांना न दिसणारा. त्या अवरक्ताचा हिरवा करण्यासाठीच शाल्मलीनं ही तरंगवाहिनी आखली होती. गॅलियम नायट्राइडच्या चिपवर कोरलेली, केसाहून कितीतरी बारीक अशी प्रकाशाची वाट. आधीच्या दोन चिप नाश्त्यापूर्वीच जळाल्या होत्या.

“या वेळी प्रकाश आणखी हळू वाढव,” प्रमुख शास्त्रज्ञ डॉ. उद्धव मोहरीर म्हणाले.

नवी चिप बेतानं चालवायची, हा नियम तिनंच प्रयोगशाळेत रुजवला होता. आज तिला त्याची भीती वाटली.

“सर, दोन्ही निम्म्या प्रकाशावरच जळाल्या.”

“मग पूर्ण प्रकाशात काय होईल?”

“वाचेल. वाट नव्वद अंशांवर तापलेली असेल, तरच अवरक्त आणि हिरवा एका चालीनं चालतात आणि अवरक्ताचा हिरवा होऊन बाहेर पडतो. आपण थंड वाटेत थोडा थोडा सोडत बसलो. तो हिरवा झालाच नाही, आतच मुरला आणि त्यानंच वाट जाळली.”

“म्हणजे आधी बाहेरून तापवायची.”

“आणि मग एकदम पूर्ण सोडायचा. अवरक्त दुप्पट केला की हिरवा चौपट होतो. भरपूर सोडला, तर आत जाळायला फारसा उरणारच नाही.”

“आणि तुझं चुकलं तर?”

“तर ते तिघं माझ्यामुळे गेले. पण बेतानं केलं तर नक्कीच जातील.”

मोहरीर बाजूला झाले. तापमान नव्वदवर स्थिरावलं. शाल्मलीनं बटण एका झटक्यात शेवटपर्यंत फिरवलं.

चिप जळाली नाही. जहाजाखालचं पाणी हिरवंगार उजळलं आणि संकेत खाली गेला.

सोनारच्या पडद्यावरचा ‘मासोळी’च्या खोलीचा आकडा मिनिटभर ढिम्म होता. मग एकशे एकोणऐंशी झाला. एकशे सत्तर. एकशे पन्नास.

मोहरीरांनी माइक उचलला आणि शाल्मलीच्या हातात दिला. तिनं डेकवर सांगितलं, “दोर तयार ठेवा. वर येतायत.”