आदेशात नसलेली किल्ली

अंकुश टेकाळेने खून केला नव्हता, हे त्याला अपील कोर्टाच्या पत्रातून कळलं. त्याचा विश्वास बसेना.

तुरुंग बंद होऊन वीस वर्षं झाली होती. आता पुनर्रोपण करत. गुन्ह्याची आठवण गुन्हेगाराच्या मेंदूतून रोपासारखी उपटायची, तिला पश्चात्तापाचं खत घालायचं आणि पुन्हा तिथंच लावायची. मग माणूस आपण होऊन भरपाई करत फिरे.

"टेकाळे, तुम्ही बकरी चोरली होती," रोपण केंद्रातल्या डॉक्टर वर्तक म्हणाल्या.

"मॅडम, मला विहीर आठवते. सुमनबाईंचा नवरा बुडताना आठवतो. बकरी नाही आठवत."

"ती जालिंदरला आठवते."

खुनी जालिंदर होता. दोन्ही निकाल एकाच दिवशी लागले. जुन्याच निकालावर नवा टंकायचा, ही लघुलेखकाची नेहमीची रीत. घाईत आदेशाचे शेवटचे परिच्छेद इकडचे तिकडे झाले. केंद्राने आदेश पाळला. अकरा महिने जालिंदर गावातल्या बकऱ्यांना पाला घालून गाढ झोपत होता, आणि अंकुश रोज सुमनबाईंचं पाणी भरत होता. सुरुवातीला बाईंनी त्याला कळशी फेकून मारली. पुढे चहा दिला.

"आता विहीर त्याला लावायची, बकरी तुम्हाला," डॉक्टर म्हणाल्या.

"उपटताना मुळाला माती येते का हो?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "आठवणीला चिकटलेलं सगळं जातं."

"चहा?"

"चहाही."

"बाई म्हणाल्या होत्या, झालं गेलं, आता रडू नकोस. तेही त्यालाच?"

"हो."

"म्हणजे त्याला खून आठवणार, तोही माफ झालेला." अंकुशने आदेशाचा कागद डॉक्टरांकडे सरकवला. "आणि मागच्या दाराची किल्ली? बाई शेतावर जाताना ती कुठं ठेवतात, हे फक्त मला माहीत आहे."

डॉक्टरांनी आदेश दोनदा वाचला. "यात किल्लीचा उल्लेख नाही."

"मग घाला."

"भर घातली की ती कारकुनी दुरुस्ती राहत नाही. नवं अपील, दोन वर्षं. तोवर खुनी तुम्हीच."

"चालेल मला."

"तुमच्या संमतीचा रकानाच नाही हो यात," डॉक्टर ओशाळून म्हणाल्या, आणि त्यांनी त्याच्या डोक्यावर रोपणयंत्राचा टोप चढवला.

दुपारी अंकुश बाहेर पडला, तेव्हा त्याला एका बकरीबद्दल फार वाईट वाटत होतं. मागोमाग डोळे पुसत जालिंदर आला. अंकुशने त्याला ओळखलं नाही.

"एवढ्या घाईत कुठं, पाहुणे?"

"एका बाईंचं पाणी भरायचं राहिलंय. एव्हाना शेतावर गेल्या असतील."

"मग दार बंद असेल की."

"असू दे," जालिंदर म्हणाला.