डावीकडून तिसरा

पत्र निनावी होतं आणि दोनच ओळींचं होतं. "चित्रातला तो माणूस तुमचा भाऊ नाही. त्याचा चेहरा ब्रॉन्झमध्ये ओतू नका."

मिस हेस्टर सुइडम यांनी ते टेबलावर ठेवलं. शेजारी एक काळपट पत्रा ठेवला, तळहाताएवढा. १८६० साली ग्रीनपॉइंटच्या मैदानावर काढलेला फोटो त्या पत्र्यावर होता. गोदीतल्या कामगारांच्या अँकर क्लबचे नऊ खेळाडू ओळीनं उभे होते, प्रत्येकाच्या छातीवर जहाजाचा नांगर भरलेला. चेहरे मटाराच्या दाण्याएवढे.

"डावीकडून तिसरा, माझा भाऊ ट्युनिस," त्या म्हणाल्या. "बासष्ट साली लढाईत गेला. मैदानातल्या स्मारकासाठी सोमवारी त्याचा चेहरा ओततायत. त्याचं दुसरं चित्र नाही माझ्याकडे. पत्र खोटं असेल तर कोणी लिहिलं ते सांगा. खरं असेल तर..."

ऑगस्टा पेलनं भिंग उचललं. खाजगी तपासाचं काम सुरू करण्याआधी तिनं वीस वर्षं एका फोटो स्टुडिओत काढली होती. तिचा सोबती लेम क्रेन निवृत्त वार्ताहर. त्यानं चाळीस वर्षं वर्तमानपत्रात बेसबॉलचे सामने लिहिले होते आणि त्या खेळातलं आपल्याला कळत नाही असं काही उरलंय, हे त्याला मान्य नव्हतं.

"भावाचा चेहरा आठवतो?" ऑगस्टानं विचारलं.

"तो गेला तेव्हा मी सात वर्षांची. आई आठवतच नाही, वडील लढाई संपायच्या आधी गेले. मला आठवतो तो हाच चेहरा. रोज बघून बघून."

पत्र्यामागे नावांची यादी चिकटवलेली होती, डावीकडून क्रमानं. तिसरं नाव ट्युनिस सुइडम. सातवं, सायलस डिटमस.

"यादी कोणाच्या हातची?"

"वडिलांच्या. कॅमेऱ्याशेजारी उभे राहून, एकेकाकडे बघत लिहिली. मीही होते, कॅमेऱ्याच्या उजव्या हाताला, पंपापाशी. ऐन वेळी माझ्या हातातलं सफरचंद बादलीत पडलं आणि मी कानाखाली खाल्ली. तेवढं पक्कं आठवतं."

"या सातव्याचं तोंड कोणी पुसलं?" लेमनं विचारलं. तिथे चेहऱ्याऐवजी एक राखाडी फराटा होता, डावीकडे ओढल्यासारखा.

"पुसलं नाही. हलला तो," ऑगस्टा म्हणाली. "मिस सुइडम, हे शर्ट कोणी शिवले?"

"आत्यानं. पुरुषांच्या शर्टात तिचा हात धरणारं गोदीत कोणी नव्हतं."

"आणि चित्र तुमच्याकडे आलं कसं?"

"एकाहत्तर साली क्लब मोडला, तेव्हा मिस्टर डिटमस घेऊन आले. नऊजणांतले तेवढेच आता उरलेत. मी यादी वाचली, तिसऱ्यावर बोट ठेवलं आणि रडले. ते दारात तसेच उभे होते, दाढी धरून."

"तेव्हाही दाढी होती?"

"लढाईवरून आले ती घेऊनच. अजून आहे. चर्चमधल्या बायका चेष्टा करतात, पण ते काही काढत नाहीत."

शिल्पकार ब्रुनो फेराली मातीनं बरबटलेल्या हातांनीच बोलला. "मला तिसरा दिला, मी तिसरा केला. पत्रंबित्रं लिहायला वेळ कोणाला आहे, बाई? आधीच तो म्हातारा रोज येऊन बसतो."

"कोणता म्हातारा?"

"दाढीवाला. बोलत काही नाही. एकदाच विचारलंन, मान वळवलेली करता येईल का, म्हणजे चेहरा दिसायला नको. म्हटलं, काका, चेहरा नसलेला पुतळा बघायला कोण येणार?"

सायलस डिटमसनं स्वयंपाकघरात दोघांना कॉफी दिली. डाव्या हाताची करंगळी कपापासून लांब, आडवी राहिली होती.

"कॅचर होतात वाटतं?" लेम खुलला.

"हो. तेव्हा हातमोजे कुठले! एकोणसाठ साली मोडली, तशीच राहिली."

"पत्र तुम्ही लिहिलंत?" ऑगस्टानं सरळच विचारलं.

"तिसरा ट्युनिस आहे," तो म्हणाला. "सगळं गाव तेच म्हणतं." आवाजात ना राग, ना भीती.

रस्त्यावर लेमनं भिंग लावून पत्रा पाहिला. "तिसऱ्याचीही करंगळी वाकडी आहे की! पण उजवी. छे, म्हणजे डिटमस नव्हे. गेली आपली कॉफी फुकट."

ऑगस्टा हसली नाही. तिला हे काम नकोसं झालं होतं.

रविवारी दुपारी तिनं सगळ्यांना ब्रुनोच्या शेडमध्ये बोलावलं. ओल्या फडक्याखाली मातीचा चेहरा होता.

"लेम, कोटाची बटणं लाव. कोणती बाजू वर आली?"

"डावी. पुरुषाची डावीच येते."

"या नऊही शर्टांची उजवी वर आहे, बायकांसारखी. आत्याबाई नऊ वेळा चुकणार नाहीत. पत्र्यावरचा फोटो आरशासारखा असतो, डावं ते उजवं. छातीवरचा नांगर दोन्हीकडून सारखाच, म्हणून इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. वडिलांनी नावं लिहिली ती समोर उभ्या असलेल्या माणसांकडे बघून. चित्रात ती ओळ उलटी झाली. यादीतला सातवा चित्रात तिसरा आहे आणि तिसरा सातवा. त्या सातव्याची वाकडी करंगळी मुळात डावी."

लेमनं डिटमसच्या हाताकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"पत्र कोण लिहिणार? ओळीत कोण कुठे उभं होतं हे ज्याला ठाऊक आहे तोच. आणि तो इथे रोज येऊन चेहरा लपवता येईल का विचारत होता. दाढी ठेवून स्वतःचा तर लपवलाच होता."

"बोट ठेवलंस तेव्हाच सांगायला हवं होतं," डिटमस हेस्टरला म्हणाला. "पण मग तुझ्या हातात तो फराटा राहिला असता. पोर रडत होती. मी गप्प बसलो, मग गप्पच राहिलो. पण ब्रॉन्झ नको. तो माझ्या शेजारी पडला, मी घरी आलो. त्याच्या दगडावर माझं तोंड नको."

हेस्टर रडल्या नाहीत.

"चाळीस वर्षं मी रोज रात्री तुमचा मुका घेत होते," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे. माफ कर."

त्यांनी पत्रा उचलला आणि पहिल्यांदाच सातव्याकडे नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हा डावीकडे वळलाय," त्या ऑगस्टाला म्हणाल्या. "म्हणजे खरं तर उजवीकडे?"

"हो. कॅमेऱ्याच्या उजव्या हाताला."

"तिथे पंप होता."

मग डिटमसच म्हणाला, "सफरचंद पडलं तुझं. तुला कानाखाली बसली आणि तो वळला. फोटोवाला जाम ओरडला त्याच्यावर. ट्युनिस म्हणाला, ओरडू दे, बहीण आहे माझी."

हेस्टरनी पत्रा रुमालात गुंडाळला. "ब्रुनो, तो चेहरा मोडा," त्या म्हणाल्या. "मान वळलेली करा. जरा खाली बघत. पाच वर्षांची मुलगी असते ना, तेवढी खाली."