सोडलेली ओळ

कंपनी जुन्या सोल, म्हणजे जीव ओतून गायच्या गाण्यांचा संच नव्याने काढत होती. सोबतच्या पुस्तिकेत गाण्यांचे शब्द आणि गीतकारांची नावं घालायचं काम भागूबाईकडे होतं. हे काही तिचं खरं नाव नव्हे. मागून कुणी नुसतं खाकरलं तरी ती दचकायची, म्हणून ऑफिसने तिची भित्री भागूबाई करून टाकली होती.

दुपारचे साडेतीन वाजले होते. पाचला पुस्तिका छापखान्यात जायची होती आणि उरलं होतं एकच गाणं, सगळ्यात गाजलेलं. त्यात निघून गेलेल्या माणसाला बाई सांगते, दार नुसतं लोटलंय, कडी घातलेली नाही. इतकं साधं. तिसऱ्या कडव्याच्या शेवटी तर गायिका शब्दच सोडून देते, ओठ मिटून नुसती गुणगुणते. त्या गुणगुणण्यावर लोक जीव टाकत.

तबकडीवर गीतकार म्हणून स्टुडिओच्या मालकाचं नाव होतं. पण मागच्या आठवड्यात एक म्हातारी जुनी टेप घेऊन आली होती.

"गाणं माझ्या आईचं. दिवसभर लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची आणि उभ्या उभ्या गाणी रचायची. ती एक ओळ सुचेना, म्हणून गुणगुणून जागा सोडली. नंतर भरते म्हणाली, आणि त्याआधीच गेली. गायिकेला वाटलं, गाणं असंच आहे." निघताना तिने भागूबाईचा हात धरला होता. "तिचं नाव तेवढं घाल, बाळा."

भागूबाईने हेडफोन चढवून टेप लावली. आधी खरखर, मग एक थकलेला, खालच्या पट्टीतला आवाज. मागे इस्त्री टेकल्याचे ठोके, त्यांच्यावरच ताल धरलेला. भागूबाईचे डोळे भरून आले. गाणं हिचंच, शंकाच नको. तिने म्हातारीच्या आईचं नाव टाइप केलं.

"झालं का?" साहेब दारातून म्हणाले. "सोल म्हटलं की आमच्या हिला चपलाच आठवतात."

"साहेब, गीतकाराचं नाव चुकलंय..."

"साठ वर्षं कुणाचं अडलं नाही. मालकाची मुलं वकील आहेत, भागूबाई. आहे तेच राहू दे."

"बरं," ती म्हणाली. तिने आईचं नाव पुसलं, मालकाचं घातलं आणि पुस्तिका पाठवून दिली.

मग राहवेना म्हणून टेप पुन्हा लावली. तिसऱ्या कडव्याचा शेवट आला, इस्त्रीचे ठोके पडत राहिले, पण गुणगुणणं नव्हतं. तिने घाईघाईने तबकडीवर तीच जागा लावली. तिथे वाद्यं वाजत होती आणि गायिकेच्या जागी... काहीच नाही. खोलीत वास पसरला होता, तापल्या इस्त्रीखाली ओलं कापड वाफाळतं तसा. तिने दोन्ही यंत्रं बंद केली.

तेवढ्यात फोन वाजला. म्हातारी होती.

"नाव घातलंस ना गं?"

"हो, आजी... घातलं."



"टेप लावलीयस का?"

"नाही."

"आईचा आवाज येतोय तुझ्याकडून." म्हातारी कान देऊन ऐकत असावी. "अगं, ओळ भरली तिने... शब्द आलेत आता. शब्द कसले, एक नावच आहे. तेच तेच म्हणतेय..." मग अगदी हळू, "तुझं नाव काय गं, बाळा?"