बेटावरचं विरजण

ही गोष्ट २०६४ सालची. पासपोर्टावर शिक्के मारायची पद्धत तोवर कधीच गेली होती, पण व्हिसाच्या खिडकीपुढे बसलेल्या माणसाचा चेहरा होता तसाच राहिला होता.

पणजीच्या ठसा-तपासणी केंद्रात कुमुदिनी वालावलकर तसाच चेहरा करून बसल्या होत्या. वय बाहत्तर. दुग्धशास्त्राच्या प्राध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या, वेंगुर्ल्याला एकट्या राहणाऱ्या. एकुलता मुलगा निरंजन सेंत-ऑरेलला. दक्षिण हिंदी महासागरातलं हे बेट, मालकी एका युरोपीय देशाची. त्या देशाचा व्हिसा बाईंकडे होता, पण बेटावर तो चालत नव्हता. समुद्रापारच्या प्रदेशांचे नियम वेगळे. निरंजनला इकडे येणं शक्य नव्हतं; बेट सोडलेल्या रहिवाशाला परत घेत नसत.

टेबलापलीकडे त्यांचीच जुनी विद्यार्थिनी होती, डॉ. शर्वाणी लोटलीकर.

"बाई, व्हिसा एका माणसाला मिळतो. बेट म्हणतं, माणूस एकटा कधी येतच नाही. पोटात, कातडीवर अब्जावधी जंतू घेऊन येतो."

"हे मला सांगतेस? तू वर्गात झोपायचीस तेव्हा मीच ते शिकवत होते."

शर्वाणी हसली. "मग पुढचं तुम्हीच सांगा."

"तिथे पिकांची मूळ वाणं मोकळ्या मातीत जपलीत. परका जंतू त्या मातीत गेला की संपलं. म्हणून जे जंतू बेटावर आधीच आहेत, तेवढेच घेऊन यायचं."

"हो. तुमचा जंतुठसा तिथल्या एखाद्या रहिवाशाशी साठ टक्के तरी जुळायला हवा. त्याने बोलवायचं, त्याच्याच घरी राहायचं. तेही एका रहिवाशाने एकाला एकदाच. रक्ताचं नातं ते बघत नाहीत. एका घरचं खाणाऱ्यांचे ठसे जुळतात. वेगळे राहणाऱ्या सख्ख्या भावांचेही जुळत नाहीत."

"मग आमचा जुळेल. हा नियम यायच्या आधी निरंजन लग्न करून आला होता, तेव्हा घरचं विरजण दिलंय. माझ्या आईच्या माहेरचं. एकाच विरजणाचं दही रोज खाल्लं, की पोटातले बाकीचे जंतूही त्याच वळणावर जातात. मीच लिहिलाय तो निबंध. दर रविवारी फोनवर विचारते, दही लावतोस ना? रोज, म्हणतो."

आठवड्याने त्या परत आल्या. शर्वाणीने या वेळी उठून खुर्ची पुढे केली.

"नऊ टक्के, बाई."

"यंत्र चुकलं असेल."

"मी दोनदा केलं."

शर्वाणीने पडदा त्यांच्याकडे वळवला. निरंजनचा ठसा विरळ, एकसुरी होता. कँटीनच्या बंद डब्यांवर जगणाऱ्या माणसाचा असतो तसा. बाईंना तो वाचता येत होता, हेच वाईट होतं. हा माणूस वर्षानुवर्षं एकटा जेवत होता. ना कुणाच्या ताटातलं काही उचललं होतं, ना कुणी त्याच्या ताटातलं. शेजारी त्यांचा स्वतःचा ठसा होता. त्यात दह्याचा पट्टा ठळक होता, बाकी सगळं तितकंच विरळ.

"दोघं सारखेच आहोत की," त्या म्हणाल्या. "फक्त जुळत नाही."

त्यांनी पर्स उचलली.

"थांबा, बाई. यंत्र सगळ्या बेटाशी ताडून बघतं. एका रहिवाशाशी तुमचा ठसा एक्काहत्तर टक्के जुळलाय. मिरेय दलाँद."

सुनेचं नाव. घटस्फोट झाल्यापासून ते बाईंनी तोंडातून काढलं नव्हतं. विरजणाची बरणी त्यांनी निरंजनच्या हातात दिली होती, मिरेयच्या समोर. "तूच सांभाळ रे, हिला नाही जमायचं." मिरेयला मराठी येत नव्हतं. पण ती बराच वेळ मान खाली घालून बसली होती.

"ती कशाला बोलवेल मला?"

"संमती आलीय. काल संध्याकाळीच." शर्वाणी जरा घुटमळली. "एक विचारलंय तिने. तिकडे थंडीत दही नीट लागत नाही. भांडं कशात ठेवायचं?"

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला.

"कणकेच्या डब्यात," त्या म्हणाल्या. "नाही, असू दे. येऊन दाखवते म्हणून कळव."

बाई मिरेयच्या घरी तीन महिने राहिल्या. पहिल्या संध्याकाळी निरंजन आला आणि परक्यासारखा दारातच उभा राहिला. त्यांनी त्याच्यापुढे दह्याची वाटी ठेवली आणि काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो जेवायलाच येऊ लागला. बाई परत निघाल्या तेव्हा म्हणाला, "आई, पुढच्या वेळी मी बोलावीन."

त्याने शब्द पाळला; बाई परतताच त्यांना बोलावण्याचा अर्ज भरून ठेवला. मिरेयशी पुन्हा लग्न काही केलं नाही, पण रोज रात्री तिच्याकडे जेवत राहिला. रविवारी फोनवर बाई विचारत आणि तो म्हणे, "रोज." आता ते खरं होतं.

रहिवाशांचे ठसे वर्षातून एकदाच घेत. पहिल्या वर्षी त्याचा बाईंशी चव्वेचाळीस टक्केच जुळला. दुसऱ्या वर्षीच्या तपासणीआधीच, एका दुपारी वेंगुर्ल्याला बाई झोपेतच गेल्या. शेजारणीने फ्रिज रिकामा करून धुऊन ठेवला. मिरेय अजून दही लावते, कणकेच्या डब्यात. शर्वाणी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली.

तिच्या हाताखालून गेलेल्या हजारो अर्जांपैकी एक तिने कधी बंद केला नाही. यंत्राला कुणी कळवलं नव्हतं, म्हणून दुसऱ्या तपासणीनंतर त्याने आपणहून निरोप पाठवला होता: कुमुदिनी वालावलकर, वेंगुर्ला. निरंजन वालावलकर यांच्याशी ठसा बासष्ट टक्के जुळला. त्यांनी आपल्याला बोलावलं आहे. प्रवेश मंजूर.