गुडघाभर पाणी

"माझ्या वडिलांना माझ्या नवऱ्याने मारलेलं नाही. पण उद्या पोलीस त्यालाच अटक करणार आहेत," मुलगी म्हणाली. ती रडली नाही. दाजींना तेच जास्त लागलं.

दाजी निवृत्त दंतवैद्य. त्यांची मेहुणी खासगी तपासनीस. पन्नाशी उलटली तरी घरात सगळे तिला धाकटीच म्हणत, आणि तिच्यामागे हिंडणं हा दाजींचा निवृत्तीनंतरचा उद्योग होता.

"पहिल्यापासून सांग," धाकटी म्हणाली.

मुलीचे वडील अण्णा. नावेच्या मागे लावायच्या जुन्या मोटारी गोळा करायचे, खपून दुरुस्त करायचे. रविवारी सकाळी ते तळ्यावर गेले. दुपारी त्यांची नाव पैलतीरी लव्हाळ्यात अडकलेली सापडली आणि शेजारी अण्णा, गुडघाभर पाण्यात पालथे. कपाळावर खोक होती, पण जीव गेला तो छातीत पाणी शिरून. जावई सकाळी धक्क्यावर दिसला होता. आदल्या दिवशी सासऱ्या-जावयाचं कडाक्याचं भांडण झालेलं.

"माफी मागायला गेला होता तो. अण्णा तोवर निघून गेले होते."

"भांडण कशावरून?"

"मोटारींवरून. आमच्याकडे दुसरं असतं काय? हा त्यांना भंगार म्हणाला."

अण्णांच्या कारखान्यात मोटारी लाकडी घोड्यांवर ओळीने उभ्या होत्या. नावेवरची मोटार फौजदारांनी तिथेच आणून ठेवली होती.

"सापडली तशी, उभीच आणलीय. कुणी बोट लावलेलं नाही. ठसे मात्र तेलात पुसलेत," फौजदार म्हणाले.

टाकीच्या झाकणावर एक छोटा पितळी स्क्रू होता. धाकटीने तो चिमटीत धरला. घट्ट. जोर लावून फिरवला, तशी टाकीने बारीक सुस्कारा सोडला.

"हिचीपण दाढ दुखतेय वाटतं," दाजी म्हणाले. कुणी हसलं नाही. ओशाळून ते कोपऱ्यातल्या मोटारीकडे वळले. तिच्यावर बक्षिसाची फीत होती. नंबराची पट्टी झिजलेली, पण तिचे रिव्हेट कोरे करकरीत. "जुन्या दाताला नवी टोपी," ते पुटपुटले.

"ही कुणाची?" धाकटीने लगेच विचारलं.

"काकांची. अण्णांचे धाकटे भाऊ. प्रदर्शनांना मोटारी नेतात ते काकाच."

अंगणात पाण्याच्या पिंपाला एक मोटार लटकवलेली होती, नावेवरच्या मोटारीची जुळी बहीण. धाकटीने तिचा स्क्रू स्वतः आवळला आणि एकेकाला बोलावलं.

आधी जावई. "मला यातलं ओ की ठो कळत नाही," म्हणत त्याने चाकाला दोरी गुंडाळली आणि ओढली. मोटार धूर ओकत सुरू झाली, थोड्या वेळात गचके खाऊन बंद पडली. पुन्हा ओढली. पुन्हा तेच. तळहात सोलले तेव्हा त्याने दोरी फेकली.

"या डबड्यांपायी फासावर जाणार मी!"

मग मुलगी. तिने आधी स्क्रू सैल केला. "नाहीतर टाकीत हवा जात नाही, पेट्रोल उतरत नाही. मोटार गुदमरते." चालवली, थांबवली, बाजूला झाली.

"स्क्रू बंद नाही करायचा?"

"मोटार आडवी न्यायची असेल तरच. नाहीतर पेट्रोल गळतं. अण्णांच्या मोटारी कायम उभ्या, ते कधीच बंद करत नसत." तिने हात पुसले. "शनिवारी बेचैन होते. म्हणाले, आपल्याच माणसाने लोकांना फसवावं का? उद्या विचारतो त्याला. कुणाला, ते नाही बोलले."

धाकटीने स्क्रू पुन्हा आवळला. शेवटी काका आले.

"रविवारी कुठे होतात?"

"घरीच. गाडीच्या डिकीत पेट्रोल सांडलेलं, ते धूत होतो. त्या वासावरून बायको अजून टोमणे मारते." त्यांनी स्क्रू सोडला आणि पहिल्याच झटक्यात मोटार सुरू केली. "दादाने शिकवलं हे. एका ताटात जेवलो आम्ही." मोटार थांबवून त्यांनी डाव्या हाताने डोळे पुसले. उजवा हात झाकणावर फिरत होता. किती नीटनेटका माणूस, दाजींच्या मनात आलं.

धाकटीने सगळ्यांना पिंपाजवळ बोलावलं.

"नाव अख्खं तळं ओलांडून गेली. म्हणजे वाटेत स्क्रू उघडा होता. सापडला तेव्हा घट्ट. मोटार थांबल्यावर तो कुणीतरी बंद केला."

"अण्णांनीच केला असेल," दाजी म्हणाले.

"जन्मात कधी केला नाही, तो कपाळ फुटल्यावर करतील? जावईबापूंना तर स्क्रू असतो हेच ठाऊक नाही. हात सोलले, पण झाकणाकडे बघितलं नाही. मुलगी बापाच्या वळणावर, उघडा ठेवते. थांबली मोटार की स्क्रू आवळायचा, ही सवय मोटारी डिकीत आडव्या घालून नेणाऱ्याची. काका, बघा तो स्क्रू."

सगळ्यांनी पाहिलं. स्क्रू घट्ट होता.

"मी... मी कधी केला?"

"आत्ता. डोळे पुसताना. आणि दाजी, तुमची ती टोपी! पट्टी दुसऱ्या, जुन्या मोटारीची काढून हिच्यावर ठोकलीय. बक्षीस खोटं. अण्णांनी तेच विचारलं ना, नावेत?"

काकांनी झाकणाकडे पाठ फिरवली. "प्रदर्शनात सगळ्यांसमोर कबूल कर म्हणाला. मी सुकाणूची दांडी हिसकावली. नाव लव्हाळ्यात घुसली, तो नावेच्या काठावर आपटून पाण्यात पडला. मारायचं नव्हतं हो मला! वाटलं, गेला. मी काठाकाठाने पळालो."

"लगेच नाही. आधी तुम्ही मोटार थांबवलीत. मग स्क्रू आवळलात."

फौजदार पुढे आले. जावई बायकोजवळ जावं की नाही, या विचारात जागीच घुटमळला.

"काका," मुलीने हळूच विचारलं, "तुम्ही स्क्रू फिरवत होतात, तेव्हा अण्णांचा श्वास चालू होता?"

काकांनी मान वर केली नाही.

मुलीने हात पुढे करून झाकणावरचा स्क्रू उलटा फिरवला. टाकीने बारीक सुस्कारा सोडला.